उन्हात सुपरचार्ज्ड गाडीची ओढ पुन्हा पुन्हा का जाते: इनटेक तापमानाचा माग

सकाळी गाडी अगदी मनासारखी पळते. दुपारी ऊन चढतं, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये रांगत जातो, पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर पाय दाबावा तर ओढच नाही. सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनला जास्त हवा दाबून देणाऱ्या पंपाचा, आवाज येतो, आरपीएमचा काटा वर सरकतो, पण पाठ सीटला टेकत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसतो आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही नेहमीच्या जागी असतो. रात्री तीच गाडी काढली की सगळं ठीक. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते, त्यामुळे मेकॅनिकच्या हाती काही लागत नाही. प्लग बदलले जातात, इंधनावर संशय घेतला जातो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या गाडीत हे दोन उन्हाळे चाललं. सहा सिलिंडरचं सुपरचार्ज्ड इंजिन, पाण्यावर चालणारा इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग. दोन वेळा दुरुस्त झाली आणि दोन्ही वेळा दोष परत आला. त्या काळात घेतलेल्या नोंदींवरून मला एक गोष्ट पक्की कळली. इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान किती चढलं याकडे सगळे बघतात, पण दोषाची जागा कळते ती ते किती वेळात उतरलं यावरून. खालची सगळी तपासणी याच धाग्याने जाते.

आधी, स्वाभाविक किती

हवा दाबली की तापते, त्यात दोष काही नाही. समुद्रसपाटीजवळ ०.६ बार बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला दाब) म्हणजे दाब १.६ पट. बाहेर ४० अंश सेल्सियस असेल, तर आदर्श यंत्रातसुद्धा एवढ्या दाबाने हवा ४५ अंशांनी तापेल. रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ७५ अंशांवर जाते. म्हणजे रोटरमधून बाहेर पडणारी हवा ११५ अंशांची. तोच हिशेब बाहेर २५ अंश असताना केला तर उत्तर ९६ येतं. बाहेर १५ अंशांचा फरक, पण सुपरचार्जरनंतर तो १९ अंशांचा होतो. उन्हाळ्यात गाडी वेगळी का वागते याचा पहिला भाग इथेच आहे.

दुसरा भाग इंजिनच्या संगणकाचा. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) ४० ऐवजी ८० अंशांची हवा गेली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे ११ टक्के कमी हवा बसते. तेवढी ताकद तिथेच गेली. त्याशिवाय गरम मिश्रण लवकर नॉक करतं (आपोआप भडकतं), म्हणून ईसीयू, म्हणजे हाच संगणक, इग्निशन टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि काही गाड्यांमध्ये बूस्टही कमी करतो. ओढ गेल्याचं जाणवतं ते मुख्यतः या मागे खेचलेल्या टायमिंगमुळे. इथे ईसीयू इंजिन वाचवतोय. ठिणगी पुन्हा लवकर पाडणारा ट्यून (ईसीयूचं बदललेलं सॉफ्टवेअर) टाकून ही तक्रार मिटवायला जाऊ नका, पिस्टन जातात.

मी माझ्यापुरते ढोबळ आकडे ठरवले आहेत. मोकळ्या रस्त्यावर सावकाश जाताना इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंश जास्त असेल तर मी ते ठीक धरतो. ट्रॅफिकमध्ये ती ३० अंशांनी जास्त झाली तरी घाबरत नाही. पण रस्ता मोकळा झाल्यावर दोन-तीन मिनिटांत ती खाली यायला लागली पाहिजे. नाही आली, तर शोध सुरू.

वाचताय तो आकडा कुठला?

स्वस्त ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचणारं यंत्र) 'इनटेक एअर टेंपरेचर' म्हणून जो आकडा दिसतो, तो अनेक सुपरचार्ज्ड गाड्यांत एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, म्हणजे सुपरचार्जरच्या आधीचा. तो ५० दाखवत असताना मॅनिफोल्डमध्ये ९० असू शकतं. इंटरकूलरनंतरचा दुसरा सेन्सर बहुधा कंपनीच्या स्वतःच्या चॅनलमध्ये सापडतो आणि त्यासाठी त्या गाडीला चालणारं ॲप किंवा स्कॅनर लागतो. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मी पहिला पूर्ण उन्हाळा चुकीच्या सेन्सरकडे बघत घालवला.

सेन्सर खरं बोलतोय का हे बघायला सगळ्यात सोपी वेळ म्हणजे पहाट. गाडी रात्रभर उभी असेल तर बाहेरची हवा, इनटेक आणि कूलंट हे तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखेच यायला हवेत. एकटा इनटेक वेगळा बोलत असेल तर आधी त्याचा कनेक्टर काढून पिना बघा. हे सेन्सर तापले की त्यांचा रोध कमी होतो. त्यामुळे वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० दिसतं आणि शॉर्ट झाली तर भलताच मोठा आकडा. काही ईसीयू अशा वेळी स्वतःचा ठरावीक आकडा धरून चालतात. तेव्हा तासभर एकाच ठिकाणी चिकटलेला आकडा दिसला तरी संशय घ्या.

नोंद कशी घ्यायची

चार गोष्टी एकत्र नोंदवा: इंटरकूलरनंतरचं तापमान, बाहेरचं तापमान, बूस्ट आणि इग्निशन टायमिंग. नोंद ॲपला घेऊ द्या किंवा शेजारी बसलेल्याला, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. पूर्ण थ्रॉटलची चाचणी डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकवर करा. साध्या रस्त्यावरची नोंद ट्रॅफिक आणि त्यानंतरचा मोकळा पट्टा एवढीच पुरते.

आलेख तीन प्रकारचे येतात. पहिल्यात ट्रॅफिकमध्ये तापमान चढतं, गाडी धावायला लागली की ठरल्यासारखं उतरतं. ही निरोगी गाडी, फक्त ऊन जास्त. दुसऱ्यात ओढीच्या वेळी, म्हणजे पाय पूर्ण दाबून गाडी पळवताना, तापमान झटकन उडी मारतं, अगदी पहिल्याच ओढीला, आणि पाय काढल्यावर तितक्याच झटकन बरंच खाली येतं. इथे इंटरकूलरमधून पाणी फिरत नसण्याची, किंवा बायपास व्हॉल्व्हमधून (सुपरचार्जरला वळसा देणाऱ्या वाटेच्या झडपेतून) गरम हवा मागे फिरण्याची शक्यता आहे. तिसऱ्यात पहिली ओढ चांगली, दुसरी बरी, तिसरी वाईट, आणि नंतर कितीही सरळ चालवा, आकडा उतरायला तयार नाही. तिथे पाणी फिरतंय, पण त्याची उष्णता बाहेर टाकली जात नाही.

हा तिसरा प्रकार समजायला थोडा हिशेब उपयोगी पडतो. सुमारे ४०० अश्वशक्तीच्या इंजिनातून पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ०.३ किलो हवा जाते. ती इंटरकूलरने ६० अंशांनी थंड करायची म्हणजे १८ किलोवॉट उष्णता पाण्यात जाते. दहा सेकंदांच्या ओढीत १८० किलोज्यूल. सर्किटमध्ये ६ लिटर पाणी असेल तर ते सुमारे ७ अंशांनी तापेल. म्हणजे पहिल्या ओढीची उष्णता मुळात साठवली जाते आणि रेडिएटर ती नंतर सावकाश बाहेर टाकतो. रेडिएटरने काम केलं नाही तर दुसऱ्या ओढीला पाणी आधीच ७ अंश वर असतं, तिसऱ्याला १४. 'पहिल्यांदा ठीक होती' एवढ्यावरून गाडी बरी समजू नये, ते यासाठी.

पाण्याचं सर्किट: बहुतेक दोष इथेच

या इंटरकूलरचं पाणी बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पाण्यापासून वेगळं असतं. त्याचा पंप इलेक्ट्रिक, रेडिएटर वेगळा, आणि पुष्कळदा टाकीही वेगळी. म्हणूनच हा पंप बंद पडला तरी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलत नाही.

पंपाचा आवाज येतो म्हणजे तो पाणी ढकलतोय असं नव्हे. आतला पंखा सुटलेला असू शकतो, किंवा पंप नुसता हवेत फिरत असू शकतो. फ्यूज आणि रिले बघून झाल्यावर पंप चालू असताना कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना तिथे बॅटरीइतकंच व्होल्टेज मिळायला हवं. एक-दीड व्होल्ट कमी आलं तर पंप बदलण्याआधी वायरिंग आणि अर्थिंगची जोडणी तपासा. काही गाड्यांत पंप सतत चालतो, काहींत ईसीयू गरजेप्रमाणे चालवतो. तेव्हा 'पंप बंद आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी स्कॅनरवरून तो मुद्दाम चालू करून बघा.

त्यानंतर इंजिन थंड असताना, आणि फक्त थंड असतानाच, टाकीचं झाकण उघडा, पंप चालू करा आणि टॉर्च मारून आत बघा. चांगल्या सर्किटमध्ये परत येणारी धार स्पष्ट दिसते किंवा पाणी घुसळताना दिसतं. माझ्या गाडीत पृष्ठभाग नुसता थरथरत होता. पंप नवा होता, तीन आठवड्यांपूर्वीच बसवलेला. मी पंपाकडून इंटरकूलरकडे जाणारा होज (रबरी नळी) हातात धरून दाबला, सोडला, पुन्हा दाबला. चौथ्या-पाचव्या दाबाला टाकीत बुडबुड्यांची एक लांब रांग आली आणि पाण्याची पातळी दोन बोटं खाली गेली. सर्किटमध्ये एअर अडकली होती, आणि पंप ती पुढे ढकलू शकत नव्हता.

मागच्या वेळी गॅरेजने पंप बदलून एअर काढली होती, त्यामुळे दोन आठवडे गाडी उत्तम चालली. पण हवा येत होती कुठून हे कोणी शोधलं नव्हतं. बाहेर एक थेंबही गळत नव्हता. शेवटी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूच्या होजवर बोट फिरवताना क्लॅम्पखाली नखाएवढा, सुकलेला, पांढुरका थर खरखरीत लागला. कूलंट तिथे झिरपून वाळलं होतं. पंप बंद असताना तिथून किंचित पाझर व्हायचा, आणि पंप चालू झाला की त्याच फटीतून हवा आत ओढली जायची. क्लॅम्प आणि वीतभर होज बदलला आणि एअर नीट काढली. त्यानंतर तो दोष पुन्हा आलेला नाही.

सांगायचं एवढंच की एअर काढल्यावर गाडी सुधारली आणि काही दिवसांनी पुन्हा बिघडली, तर पुन्हा एअर काढत बसू नका. फट शोधा. ओढणाऱ्या बाजूचे जोड, टाकीचं झाकण आणि त्याचं रबर, आणि इंटरकूलरचे जोड, या क्रमाने. पातळी सतत खाली जात असेल, बाहेर कुठेच गळती नसेल आणि सुरू करताना पांढरा धूर येत असेल, तर इंटरकूलर आतून फुटला असण्याची शक्यता आहे आणि पाणी सरळ इंजिनमध्ये जातंय. अशी गाडी सुरूच करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एअर काढताना इंटरकूलरवर ब्लीड स्क्रू असेल तर तो वापरा. तो बहुधा सर्किटमधला सगळ्यात उंच बिंदू असतो आणि हवा तिथेच जाऊन बसते. व्हॅक्युम लावून भरण्याचं उपकरण मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. कूलंटचं प्रमाणही बघा. उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यापेक्षा सरस आहे. पण ग्लायकॉलच्या कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियम गंजण्यापासून वाचवतात, आणि थंडीत पाणी गोठण्याचा प्रश्न असतोच. जिथे पाणी कधीच गोठत नाही तिथे कंपनीच्या मर्यादेत राहून ग्लायकॉल कमी ठेवायला हरकत नाही. नळाचं पाणी मात्र नको, डिस्टिल्ड वापरा.

पाणी फिरतंय हे पक्कं झालं तर रेडिएटरकडे जाणारा आणि येणारा असे दोन्ही होज इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. चकाकत्या ॲल्युमिनियमवर ते उपकरण चुकतं, तिथे काळी टेप चिकटवून टेपचं तापमान घ्या. दोन्ही होज जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरतंय पण रेडिएटर उष्णता सोडत नाही. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर प्रवाह मंद आहे. मिनिटाला २० लिटर पाणी फिरत असेल तर मघाच्या १८ किलोवॉटला इंटरकूलरमधून जाताना ते सुमारे १३ अंशांनी तापतं. प्रवाह निम्मा झाला की तेच २६ अंश.

रेडिएटरची बाजू

इंटरकूलरचा रेडिएटर बहुधा सगळ्यात पुढे असतो, त्याच्या लगत एसीचा कन्डेन्सर आणि मागे इंजिनचा रेडिएटर. समोरून बघितल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण कचरा साठतो दोघांच्या मधल्या फटीत. सुकलेली पानं, किडे, धुळीची गादी. बंपर काढल्याशिवाय ते दिसत नाही. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. मागून पुढे, साध्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा.

मला सगळ्यात जास्त दुर्लक्षित वाटते ती रेडिएटरभोवतीची फोमची पट्टी आणि प्लास्टिकची कडा. बंपरचं काम झालं की ती परत बसवली जातेच असं नाही. ती नसेल तर समोरची हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी कडेने निघून जाते. आणि गाडी उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा त्याच वाटेने पुढे येऊन पुन्हा आत शिरते. पंख्याचा वेगही तपासा. एसी लावल्यावर पंखा जोरात फिरायला लागला पाहिजे.

बायपास व्हॉल्व्ह

हलक्या थ्रॉटलला सुपरचार्जरची गरज नसते, म्हणून बायपास उघडा राहतो आणि हवा रोटरभोवतीच्या वाटेने फिरते. पाय दाबला की तो बंद होतो. बंद होताना पूर्ण बसला नाही, तर तापलेली हवा मागे जाऊन पुन्हा रोटरमध्ये येते आणि प्रत्येक फेरीत आणखी तापते. बूस्ट कमी आणि तापमान जास्त, ही त्याची खूण. उलट तो उघडलाच नाही तर सावकाश चालतानाही आकडा चढलेला राहतो आणि इंधन जास्त लागतं. व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये हातपंपाने व्हॅक्युम धरून बघा. दांडा हलला पाहिजे आणि व्हॅक्युम टिकला पाहिजे. टिकत नसेल तर डायफ्राम फाटलाय, किंवा बोटभर लांबीचा व्हॅक्युम होज चिरलाय. हा होज इंजिनच्या उष्णतेत कडक होतो आणि हात लावला की मोडतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे सुपरचार्जरला कमी दाबाची हवा मिळते, मग तेवढ्याच बूस्टसाठी दाबाचं गुणोत्तर वाढतं आणि हवा जास्त तापते. बाहेरून बसवलेला उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवाच ओढत असेल तर तो काढून मूळ डबा परत बसवा. सुपरचार्जरला लहान पुली (पट्ट्यावर फिरणारं चाक) टाकली असेल तर रोटर जास्त वेगाने फिरतात आणि मूळ इंटरकूलर तेवढ्या उष्णतेसाठी बनलेला नसतो. अशा गाडीत दोष शोधून सापडणार नाही.

इंटरकूलर पाण्यावर नसून हवेवर असेल तर शोध सोपा होतो. उदाहरणार्थ, २००२ ते २००६ मधल्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसमध्ये तो इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि बॉनेटच्या झरोक्यातून हवा घेतो. गाडी उभी राहिली की खालचं इंजिन त्याला तापवतं, हे तिथे होणारच. पण झरोका आणि इंटरकूलर यांच्यामधलं रबर फाटलं असेल, तर धावतानाही हवा कडेने निसटते. दोन्ही टोकांच्या रबरी जोडांची गळतीही बघा.

उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू

इंटरकूलरच्या पाण्याची मोठी टाकी घेतली तर तिसऱ्या ओढीचा दोष पाचव्या ओढीला दिसेल, आणि तापलेलं पाणी थंड व्हायलाही तितकाच जास्त वेळ लागेल. टाकीत बर्फ घालतात ते ड्रॅग रेससाठी. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे वरच्या हिशेबाने जेमतेम दोन ओढी. पाणी-मिथेनॉलची फवारणी खरोखर काम करते, पण तिच्या भरवशावर टायमिंग पुढे नेलं आणि टाकी रिकामी झाली तर इंजिन जातं. एसीच्या गॅसने इंटरकूलरचं पाणी थंड करण्याची पद्धत २०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमनमध्ये कंपनीनेच दिली होती. तीही केबिनचा गारवा काढून इंजिनला देते. यातलं काहीही बसवायचं तर आधी मूळ सर्किट निरोगी असल्याची नोंद हातात असू द्या.

दोष सापडेपर्यंत गाडी चालवायचीच असेल, तर पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचं इंधन घालू नका. ट्रॅफिकमधून सुटल्यावर दोन-तीन मिनिटं हलक्या पायाने चालवा, जोर नंतर लावा. गाडी जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करू नका, शेवटचे काही किलोमीटर सावकाश या.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, जमेल तितक्या सारख्या उन्हात, पुन्हा नोंद घ्या आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवा. माझ्या गाडीत क्लॅम्प बदलण्याआधी ट्रॅफिकनंतर ८१ अंशांवरून ६० वर यायला अकरा मिनिटं लागत होती. नंतर बाहेर ४१ अंश असताना ७४ वर चढलेला आकडा अडीच मिनिटांत ५६ झाला. महिन्याभराने तीच नोंद तिसऱ्यांदा घेतली. आकडे तेवढेच आले, तेव्हा कुठे मी बंपरचे शेवटचे स्क्रू आवळले.